मित्राचे चरित्र आणि गाळलेली पाने



अनुवादकाने आपल्या कामातील अनुभव सांगावेत, या हेतूने आपण मला येथे बोलावले आहे. अनुवादाच्या अडचणींविषयी सामान्यपणे बोलणे सोपे असते. परंतु मी आज एकाच अडचणीविषयी बोलणार आहे, आणि तीही माझ्याच हातून झालेल्या एका चुकीच्या निमित्ताने. ती चूक माझ्या एका मैत्रिणीने दुरुस्त केली. ती मैत्रीण आज हयात नाही. तेव्हा हे भाषण अनुवादाविषयीचे आहे तसेच तिच्या स्मरणाचेही आहे, हे आरंभीच सांगून टाकते.

माझे शिक्षण मराठी घेऊन एम. ए.पर्यंतचे. भौतिकीचा आणि माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. असे असूनही काही वर्षांपूर्वी जेम्स क्लार्क मॅक्स्वेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या एका इंग्रजी चरित्राचा मराठी अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी थोड्याशा धाडसानेच स्वीकारले. मॅक्स्वेलचे नाव आपल्याकडे न्यूटन किंवा आइन्स्टाइन यांच्याइतके घरोघरी पोचलेले नाही. तथापि रेडिओ, दूरचित्रवाणी, आज प्रत्येकाच्या हाती असलेला फोन, या सर्वांच्या मुळाशी ज्या विद्युत्‌चुंबकीय लहरी आहेत, त्यांचे गणित प्रथम त्याने मांडले. प्रकाश हाही त्याच जातीचा तरंग आहे, हे १८६० नंतरच्या दशकात त्याने गणिताने दाखवून दिले. अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवण्याचे काम हर्ट्‌झने केले ते १८८७–८८ मध्ये. ते पाहायला मॅक्स्वेल नव्हता. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने तो केंब्रिज येथे वारला होता.

माझ्या अडचणीसाठी एक मदतनीस मला घरबसल्या लाभली. माझी मैत्रीण एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असे. ती मूळची अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका खेड्यातली. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे. समीकरणे मला समजावून देणे, परिभाषेतील शब्द तपासणे, माझ्या वाक्यात विज्ञान कोठे वाकडे झाले आहे ते पेन्सिलीने खुणावणे, हे सर्व तिने आनंदाने पत्करले. दर रविवारी उपासना आटोपून ती थेट माझ्याकडे येई. मी लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा घेई आणि मागील आठवड्याचा परत देई.

आता माझ्या चुकीकडे येते. मॅक्स्वेल हा अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती मनुष्य होता. मूळ चरित्रात त्याच्या श्रद्धेविषयी आणि अखेरच्या आजाराविषयी वीस-बावीस पाने होती. घरातील सायंप्रार्थना, पत्नीला लिहिलेल्या पत्रांतून शास्त्रवचनांवर केलेले चिंतन, मृत्युशय्येवरील संभाषणे, असा त्यांतील मजकूर होता. आपल्या वाचकाला हे कशाला हवे, असा विचार मी केला. विज्ञानाची आवड असलेला वाचक हे वाचून बुचकळ्यात पडेल, आणि इतरांना यात धर्मप्रचाराचा वास येईल, अशीही मला भीती वाटली. संपादकांनी काही प्रमाणात संक्षेप करण्याची मुभा दिलेली होती. त्या मुभेचा फायदा घेऊन ती वीस-बावीस पाने मी पाऊण पानात बसवली.

पुढच्या रविवारी मैत्रिणीने कागद परत आणले. त्या पाऊण पानाच्या समासात तिने पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. मी विचारले, “यात विज्ञान चुकले आहे काय?” ती म्हणाली, “नाही. विज्ञान बरोबर आहे. पण माणूस अर्धाच आला आहे. बाकीचा कुठे ठेवलास?”

मी माझी कारणे सांगितली. तिने वाद घातला नाही. वाद घालणे तिच्या स्वभावात नव्हते. तिने एवढेच सुचवले की, मॅक्स्वेलच्या मित्राने त्याचे चरित्र लिहिले आहे, ते एकदा वाच. मग गाळायचे असेल तर खुशाल गाळ. त्या मित्राविषयी मला आपल्याला सविस्तर सांगावयाचे आहे.

मॅक्स्वेलच्या या मित्राचे नाव लुइस कॅम्बेल. मॅक्स्वेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरो येथे झाला, आणि योगायोग असा की ज्या रस्त्यावरील घरात तो जन्मला, त्या रस्त्याचे नाव ‘इंडिया स्ट्रीट’. हिंदुस्थानशी त्या घराण्याचा आणखी एक दुवा होता. त्याचे आजोबा कॅप्टन जेम्स क्लार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर असत. हुगळी नदीत जहाज फुटले असता आपल्या बॅगपाइप या वाद्याच्या आधाराने तरंगत ते काठाला लागले, अशी कथा घराण्यात सांगितली जाई, आणि ते वाद्यही जपून ठेवलेले होते.

मॅक्स्वेलचे बालपण गॅलोवे प्रांतातील ग्लेनलेअर या शेतीवाडीच्या घरात गेले. दिसेल त्या वस्तूविषयी, ही कशी चालते, असा प्रश्न विचारून घरच्यांना भंडावून सोडणारा तो मुलगा होता. तो आठ वर्षांचा असताना, डिसेंबर १८३९ मध्ये, त्याची आई पोटाच्या कर्करोगाने वारली. तिचे वय सत्तेचाळीस होते. बधिरीकरणाचा शोध त्या वेळी लागलेला नव्हता. तशाच अवस्थेत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. आई गेली, असे मुलाला सांगण्यात आले तेव्हा त्याने प्रथम समाधान व्यक्त केले, ते हे की आता तिला दुखणार नाही. मुलाने आईच्या वेदना किती जवळून पाहिल्या असतील, हे त्या एका उद्गारावरून कळते. हा उद्गार आपल्यापर्यंत पोचवला तो कॅम्बेलने.

दहाव्या वर्षी मॅक्स्वेल एडिंबरोच्या शाळेत आला. त्याच्या वडिलांनी स्वतः बेतलेले ओबडधोबड कपडे आणि चौकोनी टोकांचे बूट घालून, खेडवळ उच्चारांत बोलणारा हा मुलगा पहिल्याच दिवशी वर्गाच्या थट्टेचा विषय झाला. मुलांनी त्याचे नाव ‘खुळ्या’ अशा अर्थाचे ठेवले. त्याच शाळेत कॅम्बेल होता आणि पुढे दोघांची घरेही जवळजवळ आली. मॅक्स्वेलला भूमितीचे वेड, तर कॅम्बेलला ग्रीक भाषेचे. चौदाव्या वर्षी मॅक्स्वेलने अंडाकृती वक्र काढण्याच्या रीतीवर एक निबंध लिहिला. तो १८४६ मध्ये प्राध्यापक फोर्ब्‌झ यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला, कारण एवढ्या लहान मुलाने तेथे उभे राहणे योग्य समजले गेले नाही. कॅम्बेलला त्या निबंधाचे गणित कितपत कळले असेल, हा प्रश्नच आहे. परंतु मित्राचे महत्त्व ओळखण्यासाठी त्याचे गणित कळावेच लागते असे नाही.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मॅक्स्वेल केंब्रिज, ॲबरडीन, लंडन आणि पुन्हा केंब्रिज असा प्राध्यापकीच्या निमित्ताने फिरला. शनीच्या कड्यांचे स्वरूप, वायूंच्या रेणूंची गती, रंगज्ञान, विद्युत् आणि चुंबकत्व, अशा अनेक विषयांत त्याने मूलगामी काम केले. १८७१ मध्ये केंब्रिजला प्रायोगिक भौतिकीचे नवे अध्यासन निर्माण झाले. त्याचा पहिला प्राध्यापक मॅक्स्वेल होय. आणि १८७४ मध्ये सुरू झालेली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली. कॅम्बेलने धर्मगुरूची दीक्षा घेतली, काही वर्षे एका गावी पाळकाचे काम केले, आणि १८६३ पासून तो सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला. प्लेटोच्या संवादांचे संपादन आणि सोफोक्लीझच्या नाटकांचे इंग्रजी पद्यात भाषांतर ही त्याची कामे. म्हणजे, मित्रहो, तोही आपल्यापैकीच एक होता. दुसऱ्या भाषेतील शब्द आपल्या भाषेत आणताना काय हरवते, हे जाणणारा.

मॅक्स्वेल वारल्यानंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, त्याचे पहिले चरित्र प्रसिद्ध झाले. त्यावर दोघांची नावे होती, लुइस कॅम्बेल आणि विल्यम गार्नेट. गार्नेट हा कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्स्वेलचा सहायक होता. ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात कॅम्बेलने जीवनकथा सांगितली, दुसऱ्यात गार्नेटने मित्राच्या वैज्ञानिक कार्याचा परिचय करून दिला, आणि तिसऱ्यात मॅक्स्वेलच्या कविता एकत्र केल्या. त्यांत प्राध्यापकांची आणि समीकरणांची थट्टा करणारी विनोदी पद्येही आली. ही रचना मी प्रथम पाहिली तेव्हा मला ती केवळ सोयीची वाटली. आता तिच्यात मला एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. मित्राचे जे अंग आपल्याला समजत नाही ते कॅम्बेलने गाळले नाही. ते ज्याला समजते अशा माणसाच्या हाती सोपवले, आणि त्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापले.

श्रद्धेचा विषय त्याने कसा हाताळला, हे यापेक्षाही महत्त्वाचे आहे. कॅम्बेल स्वतः धर्मगुरू होता. एवढा मोठा शास्त्रज्ञ ख्रिस्ताचा अनुयायी होता, यावरून ख्रिस्ती धर्माची सत्यता सिद्ध होते, असा डंका पिटणे त्याला सहज शक्य होते. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून इंग्लंडात विज्ञान आणि धर्म यांचा वाद पेटलेलाच होता, आणि असा साक्षीदार धर्मपक्षाला हवाच होता. परंतु या बाबतीत मॅक्स्वेलने स्वतःच वाट आखून ठेवली होती. विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांचा मेळ घालण्यासाठी लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने त्याला सभासद होण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा त्याने ते स्वीकारले नाही. त्याच्या मते प्रत्येक श्रद्धाळू शास्त्रज्ञाने आपले ज्ञान आणि आपली श्रद्धा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न अवश्य करावा; पण त्यातून जे निष्पन्न होईल ते त्याच्यापुरतेच, आणि तेही काही काळापुरतेच, खरे मानावे. त्यावर संस्थेचा शिक्का उमटवू नये.

दुसरा प्रसंग १८७६ मधील आहे. एका बिशपांनी त्याला पत्राने विचारले की, उत्पत्तीच्या कथेत सूर्याच्या आधी प्रकाश निर्माण झाला असे जे म्हटले आहे, त्याची संगती विज्ञानातील ईथरच्या कल्पनेशी लावता येईल काय? मॅक्स्वेलने उत्तर दिले ते सावधपणाचे होते. वैज्ञानिक तर्क शास्त्रवचनांच्या अर्थापेक्षा फार झपाट्याने बदलतात. एखाद्या तर्कावर वचनाचा अर्थ उभा केला, तर तो तर्क मेल्यावरही त्याला पुरणे अवघड होऊन बसेल, असे त्याचे म्हणणे होते. ही दूरदृष्टी किती अचूक होती पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभी ईथर विज्ञानातून नाहीसा झाला. त्या बिशपांनी त्यावर काही बांधले असते, तर तेही त्याबरोबरच कोसळले असते.

ही दोन्ही पत्रे वाचताना मला माझी चूक निराळ्या प्रकाशात दिसू लागली. ज्या माणसाने आपली श्रद्धा कोणाच्या उपयोगासाठी वापरू दिली नाही, त्याची श्रद्धा प्रचाराच्या भीतीने मी गाळीत होते. एकाने ती ध्वजावर लावावी आणि दुसऱ्याने ती पेटीत दडवावी, या दोन्ही गोष्टींत माणूस बाजूलाच राहतो.

आता त्या गाळलेल्या पानांतील मजकूर थोडक्यात सांगते.

१८७७ च्या आरंभी मॅक्स्वेलला जेवणानंतर पोटात त्रास होऊ लागला. त्याने त्यावर खाण्याच्या सोड्याचा उपाय शोधून काढला आणि जवळजवळ दोन वर्षे कोणाला काही सांगितले नाही. १८७९ च्या वसंतात त्याने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. त्या उन्हाळ्यात तो ग्लेनलेअरला गेला. सप्टेंबरमध्ये गार्नेट सपत्नीक त्याला भेटायला गेला, तेव्हाही रोजच्या सायंकाळी घरातील सर्वांना, नोकरांसह, एकत्र करून प्रार्थना वाचण्याचा त्याचा परिपाठ सुरूच होता. नदीपर्यंत जाऊन लहानपणी आपण कोठे डुंबत असू ते त्याने पाहुण्यांना दाखवले. त्यापुढे चालण्याचे बळ त्याच्यात उरलेले नव्हते. ऑक्टोबरच्या आरंभी एडिंबरोहून आलेल्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले की, आता महिनाभराचेच आयुष्य आहे. आईला जो रोग झाला तोच, आणि जवळजवळ त्याच वयात. आठव्या वर्षी आईचे दुखणे पाहिलेल्या या माणसाला पुढे काय येणार हे कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

उपचार नीट व्हावेत म्हणून त्याला केंब्रिजला आणण्यात आले. डॉ. पॅजेट यांनी त्याच्या वेदना पुष्कळ अंशी कमी केल्या. या डॉक्टरांनीच पुढे साक्ष दिली आहे की, निरोगी असताना तो जसा होता तसाच आजारात आणि मृत्यूसमोरही राहिला. त्याच्या मनाची शांती एकदाही ढळली नाही. त्याला काळजी होती ती एकच, पत्नी कॅथरिनची. ती दीर्घकाळ आजारी असे. पूर्वी एकदा तिच्या दुखण्यात सलग तीन आठवडे तो रात्री बिछान्यावर झोपला नव्हता. तिच्या उशाशी खुर्चीत बसून रात्र काढावी आणि दिवसा नेहमीप्रमाणे व्याख्याने व प्रयोगशाळा सांभाळावी, असा त्याचा क्रम होता. आता तिची शुश्रूषा कोण करील, हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

एक स्नेही धर्मगुरू त्याला प्रभुभोजन देण्यासाठी आले. ते आपला पांढरा झगा अंगावर चढवीत असता मॅक्स्वेलने जॉर्ज हर्बर्टची याजकाच्या वस्त्रांवरील कविता तोंडपाठ म्हणून दाखवली. हॉर्ट नावाच्या मित्राशी बोलताना, ज्याला लोक माझे कार्य म्हणतात ते माझ्यातील माझ्याहून थोर अशा कशाने तरी केले आहे, असे मला वाटते, या अर्थाचे तो बोलला. आणखी एकदा म्हणाला की, आयुष्यभर मला किती हळुवारपणे वागवले गेले. जोराचा धक्का असा मला कधी बसलाच नाही. आठव्या वर्षी आई गमावलेल्या, आणि तिच्याच रोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. ते खरे की खोटे, हे ठरवणारे आपण कोण? कॅम्बेलनेही त्यावर भाष्य केले नाही. त्याने ते नोंदवले आणि तो पुढे गेला.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात अंत्यविधीचा पहिला भाग झाला आणि ग्लेनलेअरजवळील पार्टन गावच्या दफनभूमीत मॅक्स्वेलचा देह ठेवण्यात आला. कॅथरिन १८८६ मध्ये वारली. कॅम्बेल १९०८ पर्यंत जगला, आणि शेवटपर्यंत ग्रीक नाटककारांच्या संगतीत राहिला.

मित्रहो, ती वीस-बावीस पाने मी पुन्हा अनुवादासाठी घेतली आणि मग निराळीच अडचण पुढे आली. त्यांतील शब्दच मला येत नव्हते. मॅक्स्वेल आपल्या गावच्या मंडळीचा ‘एल्डर’ होता; मी लिहिले ‘ज्येष्ठ सभासद’. मैत्रिणीने ते खोडून ‘वडील’ असे लिहिले. प्रभुभोजनाला मी ‘एक धार्मिक विधी’ म्हटले होते. ‘चर्चच्या सेवेला हजर राहणे’ असे शब्दशः लिहिले होते. तिने ‘उपासनेला जाणे’ केले. मला वाटत होते की या परक्या कल्पनांना मराठीत शब्द नाहीत. वास्तविक ते शब्द माझ्याच भाषेत, माझ्याच राज्यातील शेकडो खेड्यांतून रोज बोलले जात होते. मीच ते ऐकलेले नव्हते. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ रचले ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा शब्द मराठीत चार शतके नांदतो आहे, हे एम. ए.च्या परीक्षेत मी उत्तरपत्रिकेत लिहिले होते. पण परीक्षेत लिहिणे वेगळे आणि आपल्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्या मैत्रिणीची भाषा आपली मानणे वेगळे.

हे दुरुस्तीचे काम चालू असतानाच तिचा आजार उघडकीस आला. तिलाही कर्करोगच झाला होता, आणि तोही पोटाचाच. मुंबईतील एका रुग्णालयात तिच्यावर किरणोपचार सुरू झाले. रुग्ण त्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात. पहिल्या दिवशी ती तेथून आली आणि मला फोनवर म्हणाली, “आज मॅक्स्वेलकडे जाऊन आले.” मला अर्थ कळला नाही. मग नेहमीच्या शिक्षकी पद्धतीने तिने समजावले, की त्या यंत्रात विद्युत्‌चुंबकीय लहरींच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देतात. ते धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात, आणि ते किरण म्हणजे पुन्हा मॅक्स्वेलच्याच जातीच्या लहरी. “ज्या रोगाने तो गेला, त्याच रोगावर त्याचे गणित आता माझ्या उपयोगी पडते आहे,” असे म्हणून ती हसली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता.

उपचारांनी तिला एक वर्ष दिले. त्या वर्षात मी तिच्याकडून एक गोष्ट ऐकली, ती आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजते. एके दिवशी तिला भेटायला आलेल्या कोणी बाई म्हणाल्या, “तुमची श्रद्धा एवढी मोठी, म्हणून तुम्हाला दुखणे जाणवत नसेल.” त्या गेल्यावर ती मला म्हणाली, “माझ्यामागे कुणाला असं सांगू नकोस हं. दुखायचं ते दुखतंच. दुखणं थांबतं ते मॉर्फिनच्या गोळीनं, आणि ती वेळेवर मिळते हीच देवाची कृपा.” थोडे थांबून म्हणाली, “प्रार्थनेनं एवढंच होतं, की दुखत असताना मी एकटी नसते. आणि एकटी नसले की मला दुसऱ्याची आठवण राहते.”

मॅक्स्वेलच्या अखेरच्या दिवसांचा अर्थ मला त्या क्षणी उमगला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मनाची शांती म्हणजे वेदनेचा अभाव, अशी माझी समजूत होती. परंतु मॅक्स्वेलच्या शांतीचे लक्षण हे, की मरणाच्या दारातही त्याचे चित्त पत्नीच्या औषधपाण्याकडे होते. माझ्या मैत्रिणीच्या शांतीचे लक्षणही तेच. अंथरुणावरून ती आपल्या दहावीच्या वर्गाची चौकशी करी. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या मुलीची फी भरली गेली की नाही, ते विचारी. आणि माझ्या प्रकरणांचे कागद मागवी. माझी श्रद्धा तिच्यासारखी नाही, आणि आज येथे उभी राहून ती आहे असे मी भासवणार नाही. तिनेही मला कधी तसे सुचवले नाही. पण तिला जे दिसत होते ते तिला दिसत होते, एवढे मी पाहिले आहे. आणि जे पाहिले ते सांगणे हे मैत्रिणीचे काम आहे.

शेवटच्या प्रकरणाचे कागद तिने स्वतः वाचले नाहीत. तेवढी शक्ती उरली नव्हती. मी तिला वाचून दाखवले. मॅक्स्वेलच्या गार्नेटला नदीकाठी घेऊन जाण्याच्या प्रसंगाशी आले तेव्हा तिने डोळे मिटलेले होते. झोपली असेल असे समजून मी थांबले. डोळे न उघडताच ती म्हणाली, “पुढे वाच. काही गाळू नकोस.”

त्यानंतर सोळा दिवसांनी ती गेली. पुस्तक छापून आले ते तिने पाहिले नाही. अनुवादकाच्या दोन शब्दांत मी तिचे नाव घालू का, असे तिला विचारले होते, तेव्हा तिने नको म्हणून सांगितले होते. म्हणून ते मी आजही घेत नाही.

आपण अनुवादक पुष्कळदा वाचकाच्या सोयीचा विचार करतो, आणि तो करावाही. पण जो माणूस दुसऱ्या भाषेतून, दुसऱ्या देशातून आपल्या दाराशी येतो, तो आपल्याला सोयीचा वाटेल तेवढाच आत घ्यावयाचा, हा पाहुणचार नव्हे. कॅम्बेलला मित्राचे गणित समजत नव्हते; त्याने ते गाळले नाही. मला मॅक्स्वेलची श्रद्धा समजत नव्हती; मी ती गाळली होती. आमच्यात फरक पडला तो एवढाच, आणि तोही माझ्या मैत्रिणीने समासात काढलेल्या एका प्रश्नचिन्हाने भरून काढला. ते पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह असलेला कागद मी जपून ठेवला आहे. नवे काम हाती घेतले, आणि एखादे पान गाळावे असा मोह झाला, म्हणजे मी तो काढून पाहते.